मिशीवाला संगमरवर

अठ्ठ्याण्णव साली बडोद्याहून संग्रहालयशास्त्र शिकून मी परत आले आणि वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका ट्रस्टच्या संग्रहालयात अभिरक्षक म्हणून लागले. अभिरक्षक हा शब्द फक्त नेमणुकीच्या कागदावर. गावात मी ‘म्युझियमची बाई’, ट्रस्टच्या बैठकीत ‘मॅडम’, आणि कट्टा ह्या माझ्या गावी, घरी, ‘पुतळे पुसूक जाता ती’. घरच्यांचंच वर्णन खरं होतं.

संग्रह युरोपातला. इथल्या एका व्यापारी घराण्यातला कुणी हौशी पूर्वज बोटीने तिकडे गेला होता आणि येताना दिसेल ते घेऊन आला होता. लोकांना वाटायचं, परदेशातलं म्हणजे थोरच असणार. कसलं थोर! ढगात लोळणारी गोबरी पोरं, तळ्याकाठी चरणाऱ्या मेंढ्या, द्राक्षं खाता खाता उगाच लाजणारी एक बाई. नकलांच्या नकला सगळ्या. तिकडच्या दुकानदाराने आमच्या पूर्वजाला दारातच ओळखलं असणार आणि वर्षानुवर्षं न खपलेला माल त्याच्या गळ्यात मारला असणार. शिकून आले तेव्हा मला युरोपच्या कलेविषयी फार आदर होता. आमच्या मधल्या दालनात उभं राहून तो टिकवणं सोपं नव्हतं.

बघायला येणारे त्याहून वरचढ. शिरोड्याला समुद्रात डुंबून, ओल्या केसांनी आणि वाळूच्या पायांनी लोक यायचे, पंखा कुठे आहे ते आधी बघायचे आणि मग ठरलेला प्रश्न, “मॅडम, ओरिजिनल आहे का?” नाही म्हटलं की तोंड वाकडं. हो म्हटलं की, “केवढ्याला जाईल?” एका गृहस्थाने मेंढ्यांच्या चित्रापुढे उभं राहून बायकोला सांगितलं, “बघ, त्या काळी कॅमेरे नव्हते ना, म्हणून हे करायला लागायचं.” बायकोने मान डोलावली. दोघंही शिक्षक होते.

पण ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे आमचे अध्यक्ष. काजूच्या कारखान्याचे मालक. बैठकीत छापील मराठी बोलायचे, राग आला की मालवणीवर यायचे. संग्रहालयाचं छप्पर गळायचं. पावसाआधी शाकारून घ्या, म्हणून मी दर बैठकीत घसा कोरडा करायचे. त्यांनी काय केलं? रस्त्यावर कमान बांधली, आणि कमानीवर स्वतःचं नाव माझ्या पंजाएवढ्या अक्षरांत. छप्पर गळतच राहिलं आणि दर पावसाळ्यात मी गोबऱ्या पोरांखाली बादल्या लावत राहिले. बाकीचे विश्वस्त चहा-बिस्किटांपुरते जिवंत असायचे.

अशा त्या भंगारात एक खरी वस्तू होती. ती दालनात नव्हतीच. मागच्या पडवीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती दाराला टेकवून ठेवलेली होती. संगमरवरी धड, कमरेपर्यंतचं, एका म्हाताऱ्या माणसाचं. डोकं नाही, दोन्ही हात खांद्यापासून तुटलेले. एका खांद्यावरून वस्त्र खाली आलेलं, आणि गळ्याच्या हाडाखाली सैल पडलेली कातडी. दगडात कातडी सैल पाडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पहिल्या दिवशी मी त्याच्यावरून हात फिरवला आणि मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. साफ करून, चार गडी लावून ते मी दालनात आणलं आणि चबुतऱ्यावर बसवलं. फोटो काढून मुंबईच्या एका तज्ज्ञाला पाठवले. उत्तर यायला खूप वेळ लागला, पण आलं. वस्तू जुनी आणि अस्सल असण्याची शक्यता आहे, प्रत्यक्ष पाहावी लागेल, दौरा ठरला की कळवतो. त्या ‘पाहावी लागेल’वर मी दिवस काढत होते. तो येऊन हो म्हणाला असता तर छपराची सोय झाली असती, संग्रहालयाला किंमत आली असती, आणि आयुष्यात एक तरी खरं काम केलं असं मला म्हणता आलं असतं.

तज्ज्ञाच्या आधी घाडी आला. घाडी म्हणजे देवळात देवाला प्रश्न घालणारा. अध्यक्षांच्या एकुलत्या मुलाच्या बायकोचे दोन गर्भ गेले होते. तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा अध्यक्षांनी देवळात कौल लावला. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. घराण्यात दोष आहे का? डावी. कारखान्यात? डावी. मग घाड्याने डोकं खाजवलं आणि विचारलं, ह्यांच्या ताब्यात कुठे भंगलेली मूर्ती आहे का? उजवी पडली. त्याला प्रश्न बरोबर सुचणारच! आदल्याच आठवड्यात तो घरची माणसं घेऊन फुकटात संग्रहालय बघून गेला होता.

भंगलेली मूर्ती ठेवायची नाही, पाण्यात सोडायची, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. अध्यक्षांनी तातडीची बैठक बोलावली. “सदर मूर्ती होडीने बाहेर नेऊन विधिवत विसर्जित करावी असं आमचं मत आहे,” ते म्हणाले. विधिवत! मी सांगितलं, ही देवाची मूर्ती नव्हे, कुण्या म्हाताऱ्याचा पुतळा आहे. जगभरच्या संग्रहालयांत असे हात तुटलेले पुतळे मानाने ठेवतात.

“जगातल्यांच्या सुना बाळंतीण होतत मां?” अध्यक्ष मालवणीवर आले. “माझी होणा नाय. माका सांग गो बाय, ह्या हात नसलेल्या मेल्याक सांभाळून तुका काय गावता?”

 विश्वस्तांत एक डॉक्टर होते. ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, “मधला मार्ग आहे. विसर्जन नको असेल तर मूर्ती पूर्ण करून घ्या. डोकं आणि हात बसवले की ती भंगलेली कुठे राहिली?”

“आणि पाय?” मी चिडून विचारलं.

“कमरेपर्यंतचे पुतळे चालतात,” डॉक्टर म्हणाले. “चौकाचौकात आहेत.”

सगळ्यांच्या माना डोलल्या. वैद्यकी शिकलेला माणूस हा! समुद्र की डोकं, ते मी पुढच्या बैठकीपर्यंत सांगायचं, असा ठराव झाला. मी राजीनाम्याची भाषा करून घरी गेले.

दोन-तीन दिवसांनी दुपारची अध्यक्षांची सून आली, एकटीच. तोवर मी तिला फक्त कार्यक्रमांत समई लावताना पाहिलं होतं. ती मेंढ्यांच्या चित्रासमोरच्या बाकावर बसली. बीएस्सी झालेली, बोलणं स्वच्छ.

“मॅडम, माझा ह्यावर काडीचा विश्वास नाही,” ती म्हणाली. “गेल्या दोन वेळांना काय झालं ते मला डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलंय. पण घरात आता उठता-बसता तुमच्या ह्या पुतळ्याचं नाव आहे. तो असाच राहिला आणि मला काही झालं, तर म्हणतील, सांगितलं होतं. समुद्रात सोडला आणि तरी झालं, तर म्हणतील, हिच्यातच खोट आहे. दुसरी बघण्याची बोलणी झालीयत. मी कानांनी ऐकलीयत.”

“मग मी काय करू?”

“मला नाही माहीत. हे महिने तरी सुखाने जातील असं काहीतरी करा.” आणि एकदम तिची भाषा घरची झाली. “जेवक वाढतत तेव्हा पण माझ्या पोटाकडे बघतत वो.”

देवाधर्माच्या ह्या बाजाराची मला शिसारी होती, आजही आहे. पण तिच्यासमोर ती शिसारी घेऊन मी काय करणार होते? डोकं बसवायला मी कबूल झाले. आमच्या विद्येत एक नियम आहे, मूळ वस्तूला जे जोडाल ते पुन्हा काढता आलं पाहिजे. मी अटी घातल्या. दगडाला भोक पाडायचं नाही, काही चिकटवायचं नाही, सिमेंटचं तर नावच काढायचं नाही. मानेवर आणि खांद्यांवर मेण लावलेलं कापड, त्यावर शाडूच्या मातीचं आणि कागदाच्या लगद्याचं पोकळ डोकं, टोपी घालावी तसं. हात पट्ट्यांनी बांधायचे आणि पट्टे कापडाआड लपवायचे. तज्ज्ञ यायच्या दिवशी सकाळी सगळं उतरवून कपाटात ठेवायचं, तो गेला की परत चढवायचं. सून सुटली, अध्यक्ष खूश, दगडाला ओरखडा नाही. मी स्वतःवर जाम खूश होते.

काम गावातल्या गणपती करणाऱ्याला दिलं. हा इसम स्वतःला शिल्पकार म्हणवून घ्यायचा आणि त्याच्या शाळेतले, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागेतले, सगळे गणपती सर्दी झाल्यासारखे दिसायचे. मी त्याला पुस्तकातले म्हाताऱ्या रोमन माणसांचे चेहरे दाखवले. त्याने ते न बघताच पुस्तक मिटलं. “चेहरो माझ्यार सोडा, मॅडम.” सोडला. अध्यक्ष रोज संध्याकाळी त्याच्या गणपतीच्या शाळेत खुर्ची टाकून बसायचे, देखरेख म्हणून. मग व्हायचं तेच झालं. त्या परक्या म्हाताऱ्याच्या धडावर आमचे अध्यक्ष अवतरले. भांग तोच, लोंबत्या कानाच्या पाळ्या त्याच, आणि मिशी! काळीभोर, रंगवलेली मिशी. एक हात आशीर्वादाचा, दुसरा कमरेवर. “ह्या हातात मोदक देवचो होतो,” कारागीर म्हणाला, “पण शेट नको म्हणाले.”

मला वाटलं, माणूस निदान लाजेल. अध्यक्ष स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, “साम्य योगायोगाने आलंय.” विश्वस्त म्हणाले, योगायोगच. डॉक्टर म्हणाले, मिशी छान साधलीय.

घाड्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान मूर्ती पुरी केल्यान हा. काय वाकडानाकडा असात ता दूर कर आणि ह्या घराची वेल वाढांदे रे म्हाराजा!” सगळे एका सुरात ओरडले, “होय म्हाराजा!” मी गोबऱ्या पोरांच्या चित्राला टेकून उभी होते. सून बायकांच्या मागे होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या “होय म्हाराजा!”ला मीही आवाज मिसळला. तिच्यासाठी मिसळला, नाहीतर माझी जीभ उचलली नसती.

जुलैत छपराने आपला गुण दाखवला. शाडू ओल धरते. डोकं हळूहळू एका बाजूला कलायला लागलं. अध्यक्ष कुणाचं तरी गाऱ्हाणं कान देऊन ऐकतायत असं दिसायचं, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मला गंमत वाटली. दाढांच्या कामासाठी मला कोल्हापूरला जायचं होतं. आल्यावर डोकं उतरवून, सुकवून परत बसवू, असं ठरवून मी गेले. आठवडाभर तोंड सुजवून तिथे पडले होते आणि इकडे अध्यक्ष संग्रहालयात आले. सुनेला सातवा चालू, आणि मूर्तीने मान टाकलेली! त्यांची पाचावर धारण बसली. मला फोन नाही, निरोप नाही. ज्याने कमान बांधली होती तो इन्सुलीचा गवंडी त्यांनी बोलावला.

मी परत आले ते दारातच थबकले. फरशीवर संगमरवराचा चुरा होता, तो झाडायचंही कुणाला सुचलं नव्हतं. गवंड्याने ड्रिल मशीन लावून मानेतून छातीपर्यंत भोक पाडलं होतं, त्यात लोखंडी सळी, आणि सळीवर सिमेंटचं डोकं. मातीच्या डोक्यावरून साचा काढला होता, म्हणजे चेहरा तोच. खांद्यांत आणखी दोन भोकं, दोन सळ्या, सिमेंटचे हात. मिशीवर ऑइलपेंट. आणि गळ्याच्या हाडापासून, त्या सैल कातडीच्या मधून, खाली छातीपर्यंत तडा गेला होता. नख आत जाईल एवढा. 

मी तशीच कारखान्यावर गेले. काजू भाजण्याच्या धुरात, गर सोलणाऱ्या बायकांच्या देखत, तोंडाला येईल ते बोलले. “शिरा पडो तुमच्या अकलेर!” असं अध्यक्षांना तोंडावर म्हणणारी त्या तालुक्यात मी एकटीच असेन. ते रागावलेसुद्धा नाहीत. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगो, आता ता पक्का बसला. तुका परत परत त्रास नको.” त्यांना खरोखरच वाटत होतं की त्यांनी माझं काम हलकं केलं. अशा माणसाचा तिरस्कार करायलाही जागा उरत नाही. मी ती शोधून काढली.

गणपती गेले आणि सुनेला मुलगी झाली, ठणठणीत. पेढ्यांची ऑर्डर बर्फीवर आली. तरी गावभर झालं ते झालंच, की मूर्तीला डोकं बसलं आणि घरात पाळणा हलला. दुसऱ्या तालुक्यांतून जोडपी यायला लागली. मेंढ्यांकडे कुणी बघेना, गोबऱ्या पोरांकडे कुणी बघेना, सगळी झुंबड मिशीपुढे. त्या आमच्या रडक्या संग्रहालयात पहिल्यांदा रांग लागली. अध्यक्ष नातीच्या प्रत्येक वाढदिवसाला येऊन स्वतःच्याच पुतळ्याला हार घालत आणि हात जोडत. हे बघायला मी पदवी घेतली होती.

तज्ज्ञ शेवटी आला. खादीचा झब्बा, गळ्यात कॅमेरा, नाकाने कांदे सोलणारा. मिशी बघितली आणि खो खो हसत सुटला. मी म्हटलं, हसून झालं असेल तर मानेखाली बघा. त्याने बघितलं न बघितलं असं केलं. “मॅडम, वस्तू तीच असेलही,” तो म्हणाला, “पण आता ह्याच्यावर मी काही लिहिलं तर लोक मला हसतील.” त्याने पुतळ्याच्या आशीर्वादाच्या हाताखाली डोकं धरून स्वतःचा फोटो काढून घेतला, सुरमईचं ताट जेवला आणि गोव्याला गेला. इतकी वर्षं मी ह्या माणसाची वाट बघत होते.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी पुतळा पुसताना छाती, बरगड्या, वस्त्राच्या चुण्या मऊ फडक्याने निगुतीने पुसायचे. मान आली की थांबायचे. वरच्या डोक्याला फडकं म्हणून लावलं नाही. भांगात धूळ बसली, कानांत कोळिष्टकं झाली, मिशी करडी झाली. अध्यक्षांच्या ते कधी लक्षात आलं नाही. ते चष्मा फक्त सही करताना लावायचे.

दोन हजार दहा साली अध्यक्ष वारले. मुलगा कारखान्यात अडकलेला, म्हणून घरच्यांनी त्यांच्या जागी विश्वस्त म्हणून सुनेला पाठवलं.  पहिल्या बैठकीनंतर बाकीचे चहा पिऊन गेले तेव्हा ती मागे थांबली. आम्ही दोघी दालनात आलो.

“मॅडम, आता हे काढता येईल?” तिने विचारलं.

“डोकं?”

“डोकं, हात, सगळंच. मी ठराव मांडते.”

“सळी छातीपर्यंत गेलीय,” मी म्हटलं. “इथल्या हवेत गंजून फुगलीय. ओढायला गेलं तर छाती उभी फाटेल.”

तिने तड्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू खालपर्यंत नेलं. “हे तुम्ही माझ्यासाठी केलं होतं.”

“सिमेंट मी नाही केलं.”

“सिमेंट नाही. पहिलं, मातीचं.”

मी चबुतऱ्यावरचं फडकं उचललं.

“मी तुमच्याकडे आले होते ना दुपारची,” ती म्हणाली, “त्याच दिवशी घरी जाऊन बॅग भरली होती. सावंतवाडीला आईकडे जायचं, जे व्हायचं ते तिथे होऊ दे, परत यायचं नाही, असं ठरवून. कपाटाच्या मागे लपवून ठेवली होती. मग तुमचं ते डोकं बसलं. घरात एकदम सगळे गोड बोलायला लागले. शहाळी काय, ताजं म्हावरं काय. मला वाटलं, माणसं बदलली. मी बॅग रिकामी केली.” तिने तड्यावरचं बोट काढलं. “मुलगी झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी कुणी मला चहासुद्धा विचारला नाही. पुढच्या वेळी बघू, म्हणाले मामंजी. पण तोवर मूल पदरात होतं. मग खंय जातलंय?”

हे आभार होते की माझ्या थोबाडीत मारलेली होती, मला कळेना. भर कारखान्यात अध्यक्षांची हजेरी घेणारी मी, माझी तिला विचारायची छाती झाली नाही. मी तड्यातली धूळ फडक्याने टिपायला लागले.

तिने वर, सासऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. 

“खालचं एवढं लख्ख आहे,” ती म्हणाली. “वरचं पुसत नाही तुम्ही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“सिमेंटचं बसलं तेव्हापासून.”

तिने पर्स उघडून रुमाल काढला. मला वाटलं, आता ही चबुतऱ्यावर पाय देऊन मिशी पुसणार, काही झालं तरी सासराच तो. तिने रुमालाने स्वतःचे डोळे पुसले, नाक पुसलं, घडी करून रुमाल परत पर्समध्ये ठेवला.

“नका पुसू,” ती म्हणाली.